नको म्हटलेली शिफ्ट

वाचकाचं पत्र:

मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये राहते. मिडलंड्समधल्या एका केअर होममध्ये डेप्युटी मॅनेजर आहे. कुणाची शिफ्ट कधी, हा रोटा मीच लावते. आमच्याकडे एक केअरर, म्हणजे तिथल्या रहिवाशांची देखभाल करणारी कर्मचारी, आहे. एकटीने दोन मुलं वाढवते, कामाला चोख आहे, आठवड्याला २४ तास करते. महिनाअखेरीला तिची ओढाताण दिसते, म्हणून माणसं कमी पडली की मी आधी तिलाच जादा शिफ्ट देऊ करते. ती दर वेळी नाही म्हणते. डिसेंबरात आमचा सीक्रेट सँटा होता, म्हणजे चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटवस्तू द्यायच्या; त्या दिवशी तर आजारी असल्याचा फोन केला. गेल्या महिन्यात माझा तोल सुटला. "घरात मोठा टीव्ही, हातात स्मार्टफोन, आणि काम नको? खरी गरिबी काय असते ते मी लहानपणी पाहिलंय," असं बोलून गेले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. यजमान म्हणतात, फुकट मिळतंय तोवर कोण कष्ट करेल? आम्ही सरकारची एक पेनी कधी घेतली नाही. शिस्तीने राहतो. यंदा तर वर्षाचा पगार लाख पौंडांच्या वर गेला की हातात काही उरत नाही, म्हणून त्यांनी बोनससुद्धा पेन्शनमध्ये टाकला. माझं चुकलं का? तिला मदत करायची तर कशी करू?

उत्तर:

ताई, तुमच्या यजमानांच्या बोनसकडे मी नंतर येणारच आहे. आधी तुम्ही देऊ केलेल्या त्या शिफ्टचा हिशोब करू. तो केल्याशिवाय तुमच्या केअररबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

२०२५-२६ चे दर धरते. किमान वेतन तासाला १२.२१ पौंड. सहा तासांची शिफ्ट म्हणजे ७३.२६ पौंड. आठवड्याला २४ तास करणारी बाई वर्षाला १५ हजारांच्या थोडी वर कमावते. म्हणजे १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा तिने आधीच ओलांडलेली आहे. तेव्हा जादा कमाईवर २० टक्के इन्कम टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता. २०.५१ पौंड तिथेच गेले, राहिले ५२.७५. आता ती युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या घरांना दरमहा मिळणारी सरकारी मदत, घेत असणार, असं मी धरून चालते. दोन मुलं, एकटीची कमाई आणि भाड्याचं घर असेल तर बहुतेक घेतच असेल. त्यात नियम असा की एका ठरावीक रकमेनंतर हातात पडलेल्या प्रत्येक पौंडामागे मदत ५५ पेन्सने कमी होते. याला टेपर म्हणतात. ५२.७५ चे ५५ टक्के म्हणजे २९ पौंड आणि वर एक पेनी. उरले २३.७४. बसचं एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त ३ पौंड, जायचे-यायचे ६. उरले १७.७४.

सहा तासांचे सतरा पौंड चौऱ्याहत्तर पेन्स. तासाला तीन पौंडही नाहीत.

यात पेन्शनचा हप्ता मी धरलेला नाही. काही कौन्सिलांमध्ये कमाई वाढली की कौन्सिल टॅक्सची, म्हणजे घरपट्टीची, सवलतही घटते, तीही धरलेली नाही. आणि मुलं कुणाकडे ठेवायची? युनिव्हर्सल क्रेडिटमधून पाळणाघराच्या खर्चाचे ८५ टक्क्यांपर्यंत परत मिळतात हे खरं. पण सांभाळणारा नोंदणीकृत असेल तरच. तुमच्या जादा शिफ्टा कधी निघतात? कुणी अचानक रजा टाकली की: शनिवारी, संध्याकाळी, आदल्या दिवशी कळवून. त्या वेळेला शेजारची मुलगी मिळते, आणि तिच्या हातावर ठेवलेले पैसे कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाहीत. दोन मुलांसाठी तिने तासाला तीन पौंड घेतले, तरी तुमची केअरर सहा तास पदरमोड करून काम करेल.

अर्थशास्त्रात याला दारिद्र्यसापळा म्हणतात. शब्द भारदस्त आहे, गोष्ट मात्र साधी. कमाई वाढते तशी मदत कापली जाते, कर वाढतो, आणि दोन्ही कात्र्या एकाच वेळी चालतात. जादा पौंडातले ६७.६ पेन्स जातात, ३२.४ राहतात.

आता बोनस. इंग्लंडमध्ये एक लाख पौंडांच्या वर कमाई गेली की प्रत्येक दोन पौंडांमागे करमुक्त मर्यादा एका पौंडाने घटते. म्हणजे जादा १०० पौंडांतले ६० करात, २ नॅशनल इन्शुरन्समध्ये, हातात ३८. शिवाय लहान मूल असेल तर सरकारी खर्चाने मिळणारे नर्सरीचे आठवड्याचे ३० तासही त्या रेषेवर सुटतात. म्हणून जाणकार अकाउंटंट सांगतात, पैसे पेन्शनमध्ये टाका. यजमानांनी तेच केलं, आणि शहाणपणाचं केलं. पण जरा शेजारी शेजारी मांडून पाहा. जादा १०० पौंडांतले ३८ हाती येणार होते, तर तुमच्या घराने ते घेण्यात अर्थ नाही असं ठरवलं. त्याला तुम्ही शिस्त म्हणता. तिच्या हाती ३२ येणार होते, तिनेही तेच ठरवलं. तिला तुम्ही काय म्हणालात?

आणि एक फरक आहेच. यजमानांचे पैसे कुठे गेले नाहीत, म्हातारपणासाठी जमा झाले. तिची शिफ्ट मात्र गेली ती गेली.

"एक पेनी घेतली नाही" याबद्दलही थोडं बोलते, रागावू नका. कामाच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांच्या कागदांवर सरकारी मदतीचा हक्क नाही, असं लिहिलेलंच असतं. तुमची पहिली काही वर्षं त्यातच गेली असणार. जे घेताच येत नव्हतं ते घेतलं नाही, याचा अभिमान बेताने बाळगावा. शिवाय तुमची केअरर आळशी नाही, हे तुम्हीच लिहिलंय: कामाला चोख. ब्रिटनमध्ये सापेक्ष गरिबीत मोजली जाणारी मुलं २०२३-२४ मध्ये सुमारे ४५ लाख होती, घरभाडं-हप्ता वजा जाता केलेल्या मोजणीत. म्हणजे एकूण मुलांच्या ३१ टक्के. त्यातल्या दहापैकी सात मुलांच्या घरात निदान एक माणूस कामाला जाणारं होतं. काम न करणारा गरीब हे चित्र डोक्यात असेल तर ते बरंच जुनं झालंय.

आता टीव्ही. हा प्रश्न मला फार लोक विचारतात, आणि विचारताना त्यांच्या आवाजात 'पकडलं' असा एक सूर असतो.

सीबोम राउंट्री हा चॉकलेटच्या कारखानदाराचा मुलगा. १८९९ मध्ये त्याने यॉर्क शहरातल्या कामगारांच्या घरोघरची पाहणी केली. जगायला किती उष्मांक लागतात, कपडे-जळण-भाडं किती, याची त्याने काटेकोर बेरीज केली आणि त्याखालच्यांना गरीब म्हटलं. ती रेषा किती कठोर आहे हेही त्यानेच सांगून ठेवलंय: या रकमेत जगायचं तर बसगाडीत बसायचं नाही, अर्ध्या पेनीचं वर्तमानपत्र घ्यायचं नाही, आणि परगावी असलेल्या मुलाला पत्रही लिहायचं नाही, कारण टपालाचे पैसे नाहीत. पुढे १९३६ मध्ये तोच माणूस त्याच शहरात परत पाहणीला गेला. या खेपेला त्याच्या बेरजेत रेडिओ होता, वर्तमानपत्र होतं, भेटवस्तूंचा थोडा खर्चही होता. राउंट्री मऊ पडला असं मला वाटत नाही. यॉर्क बदललं होतं, आणि त्या यॉर्कमध्ये माणसासारखं राहायला काय लागतं तेही बदललं होतं.

त्याच्याही आधी, १७७६ मध्ये, अ‍ॅडम स्मिथने हेच सदऱ्याच्या उदाहरणाने सांगितलं. ग्रीक-रोमन लोक लिननच्या सदऱ्याविना सुखाने जगले, पण आपल्या काळात रोजंदारीवरच्या माणसालाही त्या सदऱ्याविना चारचौघांत यायला लाज वाटेल, असं त्याचं म्हणणं. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये त्याला नीट व्याख्येचं रूप दिलं: आपल्या समाजात जे सर्रास खाल्लं-प्यायलं जातं, ज्या गोष्टींत सगळे भाग घेतात, त्यात सामील होण्याइतकीही ऐपत नसणं म्हणजे गरिबी.

तुमच्या पत्रात हे सगळं एका ओळीत आहे, ताई. सीक्रेट सँटाच्या दिवशी ती आजारी पडली. तिला खरोखर ताप असेलही. पण भेटवस्तूची रक्कम तुमच्याकडे किती ठरली होती, आणि ती तिच्या किती तासांची कमाई होते, ते वरच्या हिशोबावरून काढून बघा. रिकाम्या हाताने येण्यापेक्षा न येणं बरं, असं तिला वाटलं असेल तर तो स्मिथचाच सदरा आहे.

स्मार्टफोनचं म्हणाल तर युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज, त्यातल्या नोंदी, अधिकाऱ्याशी निरोपानिरोपी, सगळं ऑनलाइन चालतं. तुमचा रोटासुद्धा तुम्ही फोनवरच पाठवत असाल. आणि टीव्ही एकदा घेतला की दहा वर्षं चालतो, सेकंडहँडही मिळतो. गेल्या काही दशकांत वस्तू स्वस्त झाल्या. घरभाडं, मुलांचा सांभाळ, वीज-गॅस महाग झाले. स्वस्त झालेलं दिवाणखान्यात दिसतं. महाग झालेलं बँकेच्या खात्यात असतं, तिथे आपली नजर पोचत नाही.

तुम्ही लहानपणी पाहिलेली गरिबी खरी होती. पोटाला नसणं आणि सहलीला पैसे नसणं एका तागडीत घालता येणार नाही, घालूही नये. जागतिक बँक म्हणूनच टोकाच्या दारिद्र्याची वेगळी रेषा ठेवते. जून २०२५ पासून ती माणशी दिवसाला ३ डॉलर आहे, देशोदेशीच्या किमतींतला फरक काढून टाकून. पण तुमच्या केअररला घरभाडं मिडलंड्सच्या दराने भरायचंय. तुमच्या बालपणाच्या दराने तिचा घरमालक घेणार नाही.

तरी सापेक्ष गरिबीचं मोजमाप काही देवाचा शब्द नाही. ब्रिटनमध्ये देशातल्या घरांच्या उत्पन्नाचा मध्यक काढतात, म्हणजे सगळी घरं रांगेत उभी केली तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न, घरात माणसं किती ते लक्षात घेऊन. त्याच्या ६० टक्क्यांखाली असलेलं घर गरीब. याची एक गंमत आहे. २०१०-११ मध्ये मंदीने मधल्या घराचंच उत्पन्न घसरलं, तशी रेषाही खाली आली आणि गरीब मुलांचा आकडा कमी झाला. मुलांच्या ताटात काही जास्त पडलं नव्हतं. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. आयर्लंडमध्ये उत्पन्नाच्या रेषेबरोबर अकरा साध्या गोष्टींची यादीही बघतात, घर पुरेसं उबदार ठेवता येतं का वगैरे; त्यातल्या दोन किंवा जास्त परवडत नसतील आणि उत्पन्नही रेषेखाली असेल, तर ती गरिबी पक्की धरतात. मला ही पद्धत जास्त पटते. मात्र "अशा रेषेने गरिबी कधी संपणारच नाही, कुणीतरी खाली राहणारच" हा युक्तिवाद चूक आहे. मधल्या घराच्या ६० टक्क्यांखाली एकही घर नसणं गणिताने अगदी शक्य आहे. डेन्मार्क, चेक प्रजासत्ताक यांसारखे देश तिथे पोचले नसले तरी ब्रिटनपेक्षा बरेच जवळ आहेत.

सापळा मुद्दाम कुणी लावलाय का? तसं नाही. गरजूला पुरेशी मदत द्यायची, सरकारचा खर्च आटोक्यात ठेवायचा आणि जादा कामाचं फळही माणसाच्या हाती राहू द्यायचं, या तीन गोष्टी एकदम जमत नाहीत. मदत हळूहळू कापली तर ती वरच्या उत्पन्नापर्यंत पसरते आणि खर्च वाढतो. झटकन कापली तर सापळा होतो. युनिव्हर्सल क्रेडिट आलं तेच मुळी जुन्या योजनांमधला हा गोंधळ कमी करायला; तेव्हा वेगवेगळ्या मदती एकाच वेळी कापल्या जाऊन काही लोकांचे जादा पौंडातले नव्वद पेन्सही जात. २०२१ च्या अखेरीस टेपर ६३ वरून ५५ टक्क्यांवर आणला, तेही बरं झालं. पण आजचा ५५ चा आकडा आकाशातून पडलेला नाही, निवडलेला आहे.

याहून वाईट म्हणजे मदतीतले डोंगरकडे. घसरण नाही, सरळ कडा. आजारी माणसाची आठवड्याला निदान ३५ तास देखभाल करणाऱ्याला केअरर्स अलाउन्स मिळतो. २०२५-२६ मध्ये आठवड्याला ८३.३० पौंड. त्या वर्षी अट अशी की खर्च-कर वजा जाता कमाई आठवड्याला १९६ पौंडांवर जाता कामा नये. एका पेनीने गेली तरी त्या आठवड्याचे सगळे ८३.३० जातात. कुणाच्या लक्षात न येता अशा पेन्या वर्षानुवर्षं साचल्या आणि देखभाल करणाऱ्या लोकांकडून हजारो पौंडांची वसुली निघाली, हे २०२४ मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रांत भरपूर आलं होतं. तुमच्या केअररला हे लागू नसेल. पण एकदा असं पत्र घरी आलेला माणूस, किंवा शेजारणीकडे आलेलं पाहिलेला, जादा तासांना का बिचकतो ते कळतं. त्याला आळस नको म्हणूया.

त्यात तुम्ही पगार कसा देता हेही एकदा बघा. दर चार आठवड्यांनी देत असाल तर वर्षात तेरा पगार होतात, आणि युनिव्हर्सल क्रेडिट कॅलेंडरच्या महिन्याने मोजतात. एका महिन्यात दोन पगार पडले की संगणकाला वाटतं, बाई श्रीमंत झाली. त्या खेपेची मदत बरीच कमी होते, कधी सगळीच जाते. त्या महिन्याला तिचे जास्त हाल होत असतील, आणि तुम्ही नेमकी तेव्हाच आणखी एक शिफ्ट पुढे करत असाल.

मग काय करायचं ते सांगते.

माफी मागा. लांबण लावू नका, तिचा हिशोब तिला समजावूही नका. तो तिला माझ्यापेक्षा चांगला पाठ असणार. "मी त्या दिवशी बोलले ते मला बोलायला नको होतं, तुझी अडचण न विचारता बोलले," एवढं पुरे. टीव्हीचा उल्लेख पुन्हा नको. ती लगेच मोकळी होणार नाही, होऊही देऊ नका घाईने.

पैसे उसने देऊ करू नका. तुम्ही तिच्या वरिष्ठ आहात. घेतले तर ती मिंधी होईल, आणि पुढच्या खेपेला शिफ्ट नाकारायचीही चोरी होईल.

रोटा मात्र तुमच्या हातात आहे, आणि तीच तुमची खरी मदत. तिला अचानक सहा तास नको असतील, पण आधी ठरलेले, शाळेच्या वेळेतले, दर आठवड्याला तेच असलेले चार तास कदाचित हवे असतील. तेवढ्यात मुलांचा खर्च नाही, बसची फेरी आहे त्याच दिवसात बसली तर तीही नाही. तिला विचारा, कुठले तास सोयीचे, आणि "कुठलेच नाहीत" हे उत्तरही शांतपणे घ्या. रोटा निदान दोन-तीन आठवडे आधी लावता आला तर तिच्यासाठीच नव्हे, सगळ्यांसाठी लावा. आणि नाकारलेल्या शिफ्टांची मनातल्या मनात जी वही ठेवलीय, ती बंद करा.

सगळ्यांसाठी म्हणून स्टाफरूमच्या फळ्यावर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि टर्न टू अस या सरकारी मदतीविषयी सल्ला देणाऱ्या संस्थांची माहिती लावा. तास वाढवले तर हातात नेमकं किती येईल, हे टर्न टू अस च्या कॅल्क्युलेटरवर फुकट बघता येतं. एकट्या तिला बाजूला घेऊन देऊ नका.

एक गोष्ट तुमच्या यजमानांच्या बाजूचीही बोलते. तिचं आजचं गणित बरोबर आहे. दहा वर्षांचं कदाचित नसेल. कमी तासांत अडकलेल्या माणसाची बढती अडते, पेन्शन तोकडी राहते, मुलं मोठी झाली की त्यांच्यासाठीची मदत संपते आणि पगार तिथेच असतो. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०१८ मध्ये अंदाज केला होता की तळातल्या घराला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला ब्रिटनमध्ये पाच पिढ्या लागतील, डेन्मार्कमध्ये दोन. म्हणून जादा तासांपेक्षा तिला वरचं काम मिळण्याकडे बघा. सीनियर केअररसाठी लागणारं प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी तासांत देता येईल का, हे तुमच्या मॅनेजरशी बोला. पगारातला फरक तासाला फार नसतो, ते मला माहीत आहे. तो फरक वाढवा म्हणून भांडायचं असेल तर तेही भांडा. तुमच्या शब्दाला तिच्यापेक्षा जास्त वजन आहे.

आणि येत्या डिसेंबरात सीक्रेट सँटा करणारच असाल, तर रक्कम ठरवू नका, घरातलीच एखादी वस्तू आणायची असं ठरवा. कुणाच्या निरोपाला, वाढदिवसाला वर्गणीचं पाकीट फिरतं ना? त्यावर नावांपुढे आकडे लिहायची पद्धत असेल तर ती उद्यापासून बंद करा.